डिजिटल विश्वास

पलीकडचा माणूस दिसत नसताना यंत्राने दिलेला निरोप खरा धरून व्यवहार करण्याची तयारी म्हणजे डिजिटल विश्वास. यंत्र चुकणार नाही, हा त्यातला एक भाग. चुकलेच तर भरपाई कोणीतरी देईल, हा दुसरा. आणि खरा आधार त्याचाच असतो.

पुण्यात १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८मध्ये सायबर हल्ला झाला. एटीएममध्ये कार्ड घातले की खात्यात पैसे आहेत का, अशी विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते. हल्लेखोरांनी वाटेतच बनावट स्विच, म्हणजे विचारणा आणि उत्तर पोचवणारी खोटी यंत्रणा, उभा केला. विचारणा मुख्य प्रणालीपर्यंत पोचेना आणि हा तोतया प्रत्येक वेळी ‘मंजूर’ म्हणत राहिला. बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे निघाले, काही रक्कम हाँगकाँगला वळवली गेली; एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही, तोटा बँकेने सोसला.

खोट्या होकाराचा हाच प्रकार गल्ल्यावरही चालतो. २०१६मध्ये यूपीआय आले, त्याच वर्षी नोटाबंदी झाली आणि मंडईतल्या भाजीवालीपासून अमृततुल्यापर्यंत क्यूआर कोड चिकटले. मग ‘पैसे गेले’ असा बनावट स्क्रीनशॉट दाखवून सटकणारेही आले. त्यावर उतारा ठरला तो पैसे जमा होताच बोलणारा स्पीकर: गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर काहीही दिसो, ‘आवाज आला नाही’ म्हटले की पैसे आले नाहीत. महिन्याकाठी बँकेत जाऊन पासबुक भरून आणणाऱ्या पेठेतल्या आजोबांना हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तेही दुसरा साक्षीदारच शोधत असतात.

भरपाईचे नियम रिझर्व्ह बँकेने २०१७मध्ये घालून दिले. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा अनधिकृत व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केल्यास ग्राहकावर भार येत नाही. ओटीपी किंवा पिन स्वतःच सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचेच. म्हणून सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करणे महत्त्वाचे. तोतया पोलीस व्हिडिओ कॉलवर करतात ती ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कायद्यात नाही. पण तिच्या धाकाने माणूस स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो, आणि यंत्राच्या लेखी तो व्यवहार अगदी बिनचूक असतो.