असेम्बल कॉम्प्युटर चालू न होणे

सुटे पार्ट आणून घरीच जोडलेला कॉम्प्युटर बटन दाबूनही सुरू न होणं, सुरू होऊन सेकंदात बंद पडणं, किंवा पंखे फिरत असताना स्क्रीन काळीच राहणं, हे तिन्ही प्रकार या नोंदीत घेतले आहेत. विदर्भातल्या खेड्यांत तक्रार बहुधा "पंखा फिरून राहिला पण डिस्प्ले नाही येऊन राहिला" अशा शब्दांत येते, आणि ती नीट ऐकून घ्यावी, कारण पंखा फिरतो की नाही यावरूनच शोधाची वाट ठरते.

'बूट होणे', म्हणजे कॉम्प्युटर सुरू होऊन कामाला तयार होणे, हा शब्द कुठून आला याबद्दल एकमत नाही. तो 'बूटस्ट्रॅप'चं लघुरूप आहे आणि बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःलाच वर उचलायचं ही त्यामागची कल्पना, इथपर्यंत वाद नाही. ही कल्पना जर्मन गोष्टींतल्या बॅरन मुंचहाउझेनपासून आली असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं, पण दलदलीतून तो स्वतःला बाहेर काढतो ते केसांना धरून, बुटाच्या पट्टीला नाही. त्यामुळे १८३४ च्या सुमारास अमेरिकन वर्तमानपत्रांत अशक्य गोष्टीची थट्टा म्हणून हा वाक्प्रचार आला, हे मत जास्त पटण्यासारखं आहे. कॉम्प्युटरच्या संदर्भात तो १९५० च्या दशकात रुळला असावा. आयबीएम ७०१ या त्या काळच्या कॉम्प्युटरवर 'लोड' बटन दाबलं की कार्ड, टेप किंवा ड्रमवरून पहिला 'शब्द' (आकड्यांचा ठरावीक गट) वाचला जायचा आणि त्यातली आज्ञा पुढचं सगळं ओढून आणायची. आपल्याकडे दुकानातही 'बूट होत नाही' असंच म्हणतात, वेगळा मराठी शब्द रुळलेला नाही.

आजचे बहुतेक एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधले वीज पुरवणारे डबे, इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकावर चालतात. प्लग लावून मागचं बटन चालू केलं की जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट स्टँडबाय येतो, कॉम्प्युटर बंद असला तरी. समोरचं बटन दाबलं की मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर जोडतात ती मुख्य पाटी) हिरवी तार ग्राउंडला खेचतो, मग पिवळीवर १२, लालवर ५ आणि नारंगीवर ३.३ व्होल्ट येतात, ते स्थिर झाले की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत राखाडी तारेवर 'पॉवर गुड'चा इशारा मिळतो, आणि तो मिळाल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो. म्हणून काहीच हालचाल नसेल तर लाइन, एसएमपीएस किंवा बटन बघायचं. पंखा एकदा फिरून थांबला तर कुठेतरी शॉर्ट आहे का ते बघायचं, जास्तीचा ब्रास स्टँड (मदरबोर्ड ज्यावर स्क्रूने बसवतात तो पितळी खुंटा) मदरबोर्डखाली राहून गेला हे नेहमीचं कारण. पंखे फिरतच राहिले तर रॅम (मेमरीची पट्टी), ग्राफिक्स कार्ड, आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची वेगळी पॉवर केबल, जी पहिल्यांदा जोडणारा हमखास विसरतो.

खेड्यात मात्र शोध भिंतीपासून सुरू करावा. सिंगल फेजचा व्होल्टेज नियमाने २३० च्या ६ टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४ असायला हवा. चंद्रपूर, कोराडीची वीज केंद्रं जवळ आहेत म्हणून तो चांगला मिळतो असं नाही, डीपीपासून घरापर्यंतची तार किती लांब आणि किती बारीक यावर ते ठरतं, आणि गहू-हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत सगळ्या मोटारी एकदम चालल्या की लाइट डिम होते. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस हे सोसतो, २०० ते २४० लिहिलेला अडखळतो. लाइन क्षणभर गेली तर एसएमपीएस आतल्या भरलेल्या कपॅसिटरवर (वीज साठवणारा भाग) १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या एका पूर्ण आवर्तनाएवढाही नाही. घरचा इन्व्हर्टर 'यूपीएस' मोडवर नसेल तर तो त्याहून उशिरा लाइन घेतो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. यात कॉम्प्युटरचा दोष नसतो.

कॅबिनेटला हात लावला की चुणचुण होते, "करंट मारते", हीही मोठी तक्रार. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात, त्यामुळे अर्थिंग नसेल तर बॉडीवर साधारण निम्मा व्होल्टेज दिसतो, अगदी कमी करंटचा. अर्थिंग आहे असं वाटत असतं पण काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, रॉडपासून सुटते आणि कोरडी माती वीज नीट वाहू देत नाही, म्हणून मे महिन्यात त्या खड्ड्यात पाणी टाकत राहावं. जोराचा झटका बसला तर प्लग काढून वायरमनला बोलवावं.

एसएमपीएस तपासायला तो मदरबोर्डपासून सोडवून मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेला क्लिपने जोडतात. पंखा फिरला तर एसएमपीएस सुरू होतो एवढंच कळतं, भार पेलेल की नाही ते नाही. मीटरवर १२ ची तार ११.४ ते १२.६ मध्ये हवी. एसएमपीएसचा डबा उघडू नये, प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.

रॅम काढून तिचे सोनेरी संपर्क खोडरबरने घासायचे, या उपायाबद्दल दुरुस्ती करणाऱ्यांत दोन मतं आहेत. एक म्हणतं याने हमखास डिस्प्ले येतो, दुसरं म्हणतं मुलामा झिजतो आणि फरक पडतो तो रॅम काढून पुन्हा बसवल्यामुळेच. दुसरं जास्त बरोबर वाटतं. आधी नुसती काढून घट्ट बसवावी, एसटीत मांडीवर आणलेल्या कॅबिनेटमध्ये ती सैल होतेच, आणि घासायचंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं. खसाच्या कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येत असेल तर संपर्क पुन्हा काळे पडतात, तेव्हा आधी कूलरचं तोंड फिरवावं.

सुरू होताना येणाऱ्या बीपचे अर्थ बायोस (मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम) बनवणाऱ्याप्रमाणे बदलतात, मदरबोर्डचं पुस्तक बघावं. मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी उतरली तर तारीख चुकते. डीडीआर५ रॅमच्या नव्या मशीनला पहिल्यांदा मेमरी जुळवायला काही मिनिटं लागू शकतात आणि तोवर स्क्रीन काळी असते, त्या वेळात प्लग ओढला तर जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.