जुन्या घरातील नळ स्वतः बदलण्यापूर्वी

कसबा, शनिवार, नारायण या पेठांमधील जुन्या घरांत राहणारे आमचे अनेक ग्राहक घरचा नळ स्वतःच बदलतात, आणि ते काम जमण्यासारखे आहे. मात्र नवा नळ बसवल्यावर दुसऱ्याच दिवशी ‘नळ गळका निघाला’ म्हणून तो परत घेऊन येणारेही पुष्कळ आहेत. तपासून पाहिले की बहुतेक वेळा नळ चांगला असतो. पाणी येत असते ते मागच्या एल्बोतून, म्हणजे नळ ज्यात बसतो त्या काटकोनी जोडातून, किंवा त्याच्याही पलीकडच्या जोडातून.

याचे कारण म्हणजे एकाच पान्याने नळ फिरवणे. जुन्या घरांत बहुधा अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाईप असतो. मध्यम प्रतीच्या नव्या पाईपची जाडी 2.6 मिलिमीटर असते आणि टोकाला आटे पाडताना त्यातली जवळजवळ 1.2 मिलिमीटर खाचेत जाते. तिथला जस्ताचा थरही त्याबरोबर निघतो, म्हणजे पाईप जिथे सर्वांत पातळ, तिथेच तो गंजापुढे उघडा पडतो. वरून ऑइलपेंटचे हात बसलेले असल्यामुळे तो धडधाकट दिसतो खरा, पण पाणी झिरपू नये म्हणून सूत आणि सफेदा (पांढरा लेप) लावून पूर्वी आवळलेला जोड एव्हाना पार जाम झालेला असतो. अशा नळाला जोर लावला की नळ सुटत नाही, मागचा एल्बो फिरतो आणि पाईप आट्यांच्या मुळाशी पिचतो.

म्हणून पाने दोन हवेत. एक एल्बोवर घट्ट बसवून जागच्या जागी रोखून धरावा आणि दुसऱ्याने नळ डावीकडे फिरवावा. आदल्या रात्री जोडावर गंज सैल करणारे तेल सोडून ठेवल्यास काम हलके होते. तरीही नळ हलला नाही तर तिथेच थांबावे. लाइन भिंतीच्या आत असेल तर एल्बो धरता येत नाही. अशा वेळी जोर न केलेलाच बरा, कारण आटे आत तुटले तर हॅक्सॉच्या पात्याने तो तुकडा आतून कापून छिन्नीने दुमडत काढावा लागतो, आणि तेही साधले नाही तर फरशी फोडावी लागते.

टाकीखालचा व्हॉल्व्ह आधी बंद करून पाहावा. जुना गेट व्हॉल्व्ह पुष्कळदा फिरतो, पण पाणी पूर्ण थांबवत नाही. तसे असेल तर टाकी रिकामी करूनच काम सुरू करावे. नवा नळ बसवताना आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी, आणि आवळतानाही दोन्ही पाने वापरावेत.

पाईप गंजलेला दिसला की आम्ही पुढच्या युनियनपर्यंतची (पाईप न फिरवता खोलता येणाऱ्या जोडापर्यंतची) लाइन बदलण्याचा सल्ला देतो. हा खर्च वाढवण्याचा प्रकार आहे, असे काहींना वाटते. परंतु गंजून झिजलेल्या पाईपवर नवे आटे पाडायला पुरेशी जाडीच उरलेली नसते, आणि तेवढाच तुकडा बदलला तर त्याच्या शेजारचा जोड थोड्याच दिवसांत गळू लागतो. नवा नळ घेऊनही धार बारीकच राहिली, या तक्रारीचे मूळही बहुधा आतल्या गंजाने अरुंद झालेल्या पाईपमध्येच असते. बदललेल्या लाइनसाठी आम्ही सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणारा प्लॅस्टिकचा पाईप) आणि पितळी आट्यांचे जोड देतो. गीझरच्या गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाईप वापरू नये.

दुकानात येताना जुना नळ निघाला असल्यास तो, नसल्यास नळ आणि मागचा जोड एकत्र दिसेल असा फोटो आणावा. त्याशिवाय आम्ही माल देत नाही, कारण अंदाजाने नेलेला भाग परत करण्यात आपलाच दिवस जातो. दुसरा पाना घरी नसेल तर अनामत ठेवून आमच्याकडचा न्यावा. आमचा कारागीर घरी येऊन लाइन पाहतो त्याचे शुल्क वेगळे असते. पुढे काम आमच्याकडेच दिल्यास ते बिलातून वजा होते.