नर कुत्र्यांचे तात्पुरते रासायनिक निर्बीजीकरण

वृषणे न काढता, केवळ औषधाने नर कुत्र्याचे टेस्टोस्टेरॉन (नर-संप्रेरक) आणि प्रजननक्षमता काही महिन्यांपुरती दाबून ठेवण्याची पद्धत. बोलण्यात याला ‘हार्मोनचे इंजेक्शन’ म्हणतात. प्रत्यक्षात आज जास्त वापरात आहे ती कातडीखाली सोडायची कांडी, म्हणजे इम्प्लांट. तिच्यात डेस्लोरेलिन हे औषध असते. सुप्रेलोरिन या नावाने ती ४.७ आणि ९.४ मिलिग्रॅम अशा दोन मात्रांत मिळते. कांडी पांढरट आणि २.३ मिलिमीटर जाडीची असते. ती शरीरात हळूहळू विरघळते, म्हणून सहसा काढावी लागत नाही.

मेंदूतून जीएनआरएच हे संप्रेरक थांबून थांबून, थोडे थोडे सुटते. त्याच्या इशाऱ्यावर मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके सोडते, आणि त्यांच्यामुळे वृषणांत टेस्टोस्टेरॉन व शुक्राणू तयार होतात. डेस्लोरेलिन ही जीएनआरएचचीच कितीतरी पट प्रभावी नक्कल आहे. फरक एवढाच, की कांडीतून ती अखंड झिरपत राहते. इशाऱ्यात खंडच पडत नाही म्हटल्यावर पिट्युटरी दाद देईनाशी होते, आणि वृषणांचे काम मंदावते.

पण दाद देणे थांबवण्याआधी पिट्युटरी जोरात दाद देते, आणि मालकांचा गोंधळ उडतो तो इथेच. पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन खाली येण्याऐवजी वर चढते. कुत्रा जास्त वेळा तंगडी वर करतो, अंगावर चढतो, क्वचित गुरगुरतो. औषध उलटले असे वाटते, पण ते ठरल्याप्रमाणेच चाललेले असते. हे कांडी घालण्यापूर्वीच सांगायला हवे. प्रोस्टेट सुजून लघवी किंवा शौच अडत असेल, तर हा चढाचा काळ आधी हिशेबात धरावा लागतो.

वंध्यत्व यायला ४.७ मिलिग्रॅमच्या कांडीला सुमारे ६ आठवडे लागतात आणि परिणाम किमान ६ महिने राहतो. ९.४ मिलिग्रॅमला सुमारे ८ आठवडे लागतात आणि परिणाम किमान १२ महिने टिकतो. वंध्यत्व येईपर्यंत माजावर आलेली मादी कुत्र्यापासून लांबच ठेवावी. नको असलेली पिल्ले बहुधा याच आठवड्यांतल्या ढिलाईतून होतात. १० किलोपेक्षा लहान कुत्र्यांत परिणाम बराच लांबू शकतो. प्रजननासाठी राखलेल्या लहान जातीच्या नराला कांडी घालण्यापूर्वी याचा विचार करावा.

कांडी घालायला भूल लागत नाही. औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात, गोठवत नाहीत. मानेच्या खालच्या भागापासून कमरेपर्यंतच्या पाठीवर, बहुधा दोन खांद्यांच्या मध्ये, जागा निवडतात. चरबीच्या थरात कांडी सोडली तर औषध नीट पसरत नाही, म्हणून चरबीची जागा टाळतात. कातडी चिमटीत उचलायची, सुई तिरकी घालून पूर्ण आत सरकवायची, आणि दट्ट्या दाबत सुई सावकाश मागे घ्यायची. मग त्या जागेवर बोट दाबून धरायचे आणि खाली कांडी हाताला लागते का ते चाचपायचे. सुई चिमटीतून आरपार गेली तर कांडी केसांत पडते, आणि दाट केसांच्या कुत्र्यात ते दिसतही नाही. ‘औषध लागू पडले नाही’ अशा तक्रारीत ही शक्यता आधी तपासावी. रिकामी सुई उजेडात धरून पाहणे आणि आसपासचे केस विंचरणे, एवढे तिथल्या तिथे करता येते. गर्भवती स्त्रीने ही कांडी हाताळू नये.

टोचल्या जागी दोनेक आठवडे सूज, आणि तीन महिन्यांपर्यंत कडकपणा राहू शकतो. केसांचा पोत बदलणे, वजन वाढणे, कधी लघवी गळणे हेही दिसते. वृषणे लहान आणि मऊ होतात. परिणाम ओसरल्याची घरच्या घरी दिसणारी पहिली खूण म्हणजे ती पुन्हा भरू लागणे. म्हणून सुरुवातीलाच त्यांचे माप घेऊन ठेवावे. नेमके ठरवायचे तर रक्तातले टेस्टोस्टेरॉन आणि वीर्य तपासतात. ४.७ मिलिग्रॅमनंतर बहुतेक कुत्र्यांचे टेस्टोस्टेरॉन वर्षभरात पूर्ववत होते, काहींना दीड वर्ष लागते.

शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी त्याचा परिणाम पाहून घेणे, हा या पद्धतीचा सर्वांत चांगला उपयोग. मादीच्या वासाने पळून जाणे, जागोजागी मुतणे, चढणे हे कमी होऊ शकते. भीतीपोटी चावणारा कुत्रा मात्र याने सुधारेल असे धरू नये. टेस्टोस्टेरॉन उतरल्यावर काही कुत्री अधिकच बुजतात. असे दिसले तर निदान परिणाम ओसरण्याची वाट पाहता येते. कायमच्या शस्त्रक्रियेनंतर ती सोय नसते.

खऱ्या अर्थाने इंजेक्शन म्हणावे असे औषध म्हणजे डेल्माडिनोन. हे प्रोजेस्टेरॉन या मादी-संप्रेरकासारखे असून टेस्टोस्टेरॉनच्या कामात आडवे येते. गुण काही दिवसांतच दिसतो, पण काही आठवडेच टिकतो. भूक-तहान वाढते, कुत्रा सुस्तावतो, आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी दबल्याने आजारपणाचा किंवा शस्त्रक्रियेचा ताण त्याला झेपत नाही. मधुमेही कुत्र्याला हे देणे टाळावे. पिल्ले टाळण्यासाठी याच्यावर विसंबू नये. वृषणांतच टोचायचे झिंक ग्लुकोनेट या दोन्हींहून वेगळे: ते संप्रेरक नाही आणि त्याने येणारे वंध्यत्व कायमचे असते.