गावातला एकच लिहिता हात

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्याकडच्या एखाद्या वाडीवरची दोन शिक्षकांची शाळा डोळ्यांसमोर आणा. पहिली ते पाचवी, पट तेवीस. परिपाठ झाला की गुरुजी हजेरी घेऊन तांदूळ मोजायला बसतात. मुलामागे 100 ग्रॅम. सगळी आली तर दोन किलो तीनशे. ती नोंद आधी वहीत, मग मोबाइलवर. खिचडी उतरली की पोरांच्या आधी चव घ्यायची आणि चव नोंदवहीत सही ठोकायची. तेवढ्यात केंद्रशाळेच्या मोबाइल ग्रुपवर निरोप येतो: ‘माहिती तात्काळ, आजच्या आज.’ रेंज मिळवायला गुरुजी टेकाडावर जातात आणि बाई पाचही वर्ग एकटीच्या नजरेखाली घेऊन बसतात.

हे सगळं ऑनलाइन आल्यापासून बिघडलं, असं शिक्षकांच्या बैठकीत हमखास ऐकू येतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. या ओझ्याचं मूळ फार जुनं आहे, आणि गंमत म्हणजे ते भल्या हेतूतलं आहे. 1882 मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला किमान 12 रुपये पगार असावा, मोठ्या गावात 15 ते 20 द्यावेत, हे त्यात होतंच. त्याबरोबर त्यांनी असंही सुचवलं होतं की गावचं पोस्ट, दस्तनोंदणी, स्टॅम्पविक्री अशी कामं शिक्षकाकडे जोडावीत, म्हणजे गावात त्याचा मान वाढेल. गावात लिहिता हात एखादाच असायचा. तो शिक्षकाचा असला तर त्याला वजन येईल, हा हिशोब त्या काळात बरोबरच होता. पुढं झालं असं की कामं जोडली गेली ती गेलीच; पगार आणि मान मात्र त्या प्रमाणात जोडले गेले नाहीत.

कोल्हापूर तेव्हा संस्थान. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. सक्ती म्हटली की यादी आली, यादी म्हटली की दारोदार फिरणं आलं. आज जूनमध्ये गुरुजी पटनोंदणीला वस्तीवर फिरतात, त्या पायपिटीचं नातं मी या यादीशी जोडतो. संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या. शाळेचा मास्तर आता परिषदेचा कर्मचारी झाला. ग्रामविकासाचं जे काम वरून निघेल ते शाळेच्या दारात उतरायचं. अल्पबचतीचे कोटे आले, आणीबाणीत कुटुंबनियोजनाच्या, म्हणजे नसबंदीला माणसं आणून द्यायच्या, ‘केसेस’ आल्या. निवृत्त गुरुजी त्याबद्दल अजून दबक्या आवाजात बोलतात.

आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे (1964–66) सदस्य-सचिव होते. शिक्षकाचा पगार, दर्जा आणि कामाची स्थिती देशाच्या कागदावर ठळकपणे आली ती त्या अहवालात. खासगी शाळांतल्या नोकरीला 1977 च्या कायद्याने आणि 1981 च्या नियमावलीने थोडं कुंपण घातलं. त्याच 1977 च्या डिसेंबरात सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा 54 दिवसांचा संप जुन्या पिढीच्या आठवणीत पक्का आहे. 2001 नंतर ‘कायम विनाअनुदानित’ शाळा निघाल्या, म्हणजे सरकारी अनुदान कधीच मिळणार नाही या अटीवरच्या. त्यातला ‘कायम’ हा शब्द 2009 मध्ये वगळला, पण अनुदानाचे टप्पे पडेपर्यंत कित्येकांच्या उमेदीची वर्षं बिनपगारी गेली.

2000 मध्ये शिक्षणसेवक योजना आली: पहिली तीन वर्षं मानधन, प्राथमिकला महिना 3000 रुपये. मधल्या काळात ते 6000 झालं आणि 16000 व्हायला 2023 उजाडलं. काम पूर्ण शिक्षकाचं, नाव सेवकाचं. 1995 च्या पोषण आहारात आधी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी जायचा. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्या म्हटलं आणि चूल शाळेत आली. मुलांसाठी ते चांगलंच झालं. हिशोबाला वेगळा माणूस मात्र आला नाही.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला. आठवड्याला तयारीसह 45 तास काम आणि प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक, हे त्यातलं. कलम 27 ने अशैक्षणिक कामं बंद केली, तीन सोडून: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. कोल्हापुरात आपत्ती म्हणजे पंचगंगा. 2019 ला आणि पुन्हा 2021 ला शिरोळ-करवीर भागात शाळांचीच निवारा केंद्रं झाली. पूर ओसरल्यावर वर्गातला गाळ काढून फळा पुसणाऱ्यांत शिक्षकही होते. त्याबद्दल तक्रारीचा सूर मी फारसा ऐकला नाही. चीड येते ती बीएलओच्या, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या, कामाची. मतदारयादीचं काम सुट्टीच्या आणि बिनशिकवणीच्या वेळात द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितलं होतं. म्हणजे तास वाचला आणि रविवार गेला.

मग 2012 ची शिक्षक भरतीबंदी, 2015 चं सरल (शाळा-विद्यार्थ्यांच्या माहितीची ऑनलाइन प्रणाली), 2017 चं शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. खरा पेच 2015 च्या संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणाऱ्या मंजुरीत, आहे. शिक्षकांची पदं ठरतात पटावर. कामं ठरतात शाळेवर. तेवीस मुलांच्या वाडीलाही यू-डायस (शाळेची वार्षिक माहिती), शालार्थ (ऑनलाइन पगारपत्रक), आधार पडताळणी, आहाराचा हिशोब आणि लेखापरीक्षण लागतंच, दोनशे पोरांच्या शाळेला लागतं तसंच. पट घटला की एक हात कमी होतो, वही एकही कमी होत नाही. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या डोंगरी शाळा पिचतात त्या इथेच.

ऑगस्ट 2024 मध्ये शासनाने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा निर्णय काढला. त्याच्या पाचच महिने आधी, 15 मार्चला, संच मान्यतेचे नवे निकष आले होते: सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं असली तर त्या गटाला पद शून्य. अवघड क्षेत्रातल्या सातवीच्या वर्गात आठ-नऊ पोरं असणं नवं नाही. त्यांचं गणित आता पाचवीपर्यंतच्या गुरुजींनीच घ्यायचं, तांदूळ मोजून झाल्यावर.