सीपॅपचा पट्टा, केसांतलं पाणी आणि मे महिन्यातला कूलर

झोपेत श्वास अडतो म्हणून डॉक्टरांनी सीपॅप मशीन दिलं. हे मशीन रात्रभर नळीतून मास्कमध्ये दाबानं हवा सोडतं आणि मास्क डोक्याभोवतीच्या पट्ट्यांनी चेहऱ्यावर बसतो. घोरणं थांबलं, दिवसभराची पेंग गेली, घरच्यांनाही शांत झोप लागायला लागली. एवढं होऊन तक्रार उरतेच, ती केसांची. उदगीरकडच्या एका मावशी म्हणाल्या, "झोप बेस येऊलालीय बाई, पण सकाळी डोस्कं बघा कसं दिसूलालंय! पट्ट्याखालचे केस बसले ते बसलेच."

यावर हसून मोकळं होऊ नये. अशा बारीकसारीक कारणांवरूनच मशीन हळूच कपाटात जातं आणि रक्तदाब पुन्हा वर चढू लागतो. पण या एका तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. केस चपटे बसणं ही एक आणि केस तुटणं, विरळ होणं ही दुसरी. पहिलीनं फक्त आरशापुढे चिडचिड होते, दुसरीकडे मात्र नीट लक्ष द्यावं लागतं. दोन्हींची कारणं निराळी, म्हणून उपायही निराळे.

चपटेपणाचं खापर आपण पट्ट्याच्या दाबावर फोडतो, पण खरा कारभार पाण्याचा आहे. केस म्हणजे केरॅटिन नावाच्या प्रथिनाच्या लांब साखळ्या. त्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे बंध मुख्यतः दोन प्रकारचे. गंधकाचे बंध पक्के असतात, पार्लरमधल्या रसायनाशिवाय ते सुटत नाहीत. हायड्रोजन बंध एकेकटे कच्चे, पण संख्येनं अफाट. केसात ओल शिरली की हे कच्चे बंध सुटतात आणि केस वाळला की ज्या आकारात तो असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. रात्री ओलसर केसांवर पट्टा चढवला आणि पहाटेपर्यंत ते त्याच्याखालीच वाळले, तर पट्ट्याचा ठसा उमटणारच.

केसाला ओलीची केवढी जाण असते, हे ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञानं 1783 मध्येच दाखवलं होतं. कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला की माणसाचा केस सुमारे दोन ते अडीच टक्के लांबतो. एवढ्या भांडवलावर त्यानं हवेची आर्द्रता मोजणारं यंत्र केलं. पुढे कितीतरी वर्षं वेधशाळांमधून असे केस ताणून बसवलेले असत.

आता हे मराठवाड्यात आणून बघा. मे महिन्यात लातूर, परभणी, नांदेड, कुठंही जा, पारा चाळीसच्या पुढं आणि हवा इतकी कोरडी की धुणं तासाभरात कडक. अशा हवेत केसांत ओल येणार कुठून? तर आपण ती स्वतःच्या हातानं खोलीत आणतो. कूलर ओल्या जाळीतून हवा ओढून ती गार करतो, म्हणजेच खोलीत वाफ सोडतो. खिडकी-दार बंद करून रात्रभर कूलर चालवला की खोलीत पावसाळ्यासारखा दमटपणा साठतो. त्यात पट्ट्याखालचा घाम. म्हणून मे महिन्यातसुद्धा काहींच्या केसांवर पट्ट्याची रेघ इस्तरी मारल्यासारखी दिसते. कूलर लावताना समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. कूलर नीट गार करतो तोही तेव्हाच. डोक्यावर थेट झोत नको. आणि संध्याकाळी शेतातून येऊन डोक्यावरून अंघोळ केली असेल, तर केस मुळापर्यंत वाळल्याशिवाय मास्क लावू नये. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, हे वेगळंच.

पाण्यानं केलेलं पाण्यानंच निस्तरतं. सकाळी ओल्या बोटांनी फक्त पट्ट्याच्या रेघेवरचे केस मुळाशी भिजवायचे, बसले असतील त्याच्या उलट्या दिशेला उचलायचे आणि पंख्याखाली वाळू द्यायचे. वरवर कंगवा फिरवून काही होत नाही, कारण बंध मुळाशी जुळलेले असतात. केस आखूड असतील तर ओला तळवा पुरतो.

तुटण्याची गोष्ट वेगळी. केसावर बारीक खवले असतात आणि त्यांची टोकं केसाच्या शेंड्याकडे वळलेली असतात. मुळाकडून शेंड्याकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, उलटा फिरवला तर खरखरीत. लोकरीला पाणी लावून रगडलं की तिचा घट्ट थर होतो तो या खवल्यांमुळेच. ते एकमेकांत अडकतात आणि मागे सरकत नाहीत. रात्रभर कूस बदलताना पट्टा आणि उशीचा सुती अभ्रा केसांवर हेच रगडणं करत असतात. त्यात वेल्क्रोची बारीक आकडी मोकळी राहिली की ती केस धरूनच ठेवते. म्हणून मास्क काढताना तो डोक्यावरून ओढून काढू नये. क्लिप असेल तर आधी ती सोडावी. वेल्क्रोची टोकं पूर्ण चिकटलेली आहेत का, हे झोपण्याआधी बोटानं चाचपून घ्यावं.

उशीला रेशमी किंवा सॅटिनचा अभ्रा घातला की घर्षण बरंच कमी होतं. नवा विकत आणायलाच हवा असं नाही. घरात आईची नाहीतर सासूबाईंची विटलेली रेशमी साडी असतेच. तिच्या मऊ भागातून अभ्रा निघतो, पट्ट्यावर चढवायच्या खोळीही निघतात. जरीचा काठ मात्र घेऊ नका, तो केसाला खरवडतो. (पैठणी कापायची नाही, हे सांगायला विज्ञान लागत नाही.) डोक्यावर रेशमी टोपी घालून वरून पट्टा लावण्याचा सल्ला मला फारसा पटत नाही, कारण पट्टा घसरतो आणि तो घसरू नये म्हणून माणूस आणखी आवळतो. आणि कापड कुठलंही असो, मास्कवरची उच्छ्वास बाहेर जाण्याची बारीक छिद्रं त्यानं झाकता कामा नयेत.

खरं नुकसान आवळण्यानं होतं. किती आवळायचं, याचं एक सोपं गणित आहे. सीपॅपचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि तो साधारण 4 ते 20 असतो. दाब 10 असेल तर हवा दर चौरस सेंटिमीटरला 10 ग्रॅम वजनाएवढ्या जोरानं मास्कला चेहऱ्यापासून दूर ढकलते. नाकावरच्या मास्कखालची जागा 25 चौरस सेंटिमीटर धरली, तर जोर झाला 250 ग्रॅमचा. पाव किलो! नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मोठ्या मास्कला तो दुपटीहून जास्त होऊ शकतो, नाकपुडीशी बसणाऱ्या छोट्या मास्कला फारच कमी. म्हणजे पट्ट्यांना एवढाच जोर पेलायचा असतो, वर मास्कच्या कडेची मऊ उशी चेहऱ्याला टेकून राहील इतका थोडा. केस फार नाजूक असतील तर छोटा मास्क चालेल का, हे डॉक्टरांना विचारण्यामागचं कारणही हेच.

प्रत्यक्षात होतं असं. मास्कमधून हवा सुटते, माणूस पट्टा ओढतो. मास्कची सिलिकॉनची उशी हवेनं फुगून चेहऱ्याला बसणार असते, ती आवळल्यामुळे चेपते आणि हवा आणखी सुटते. पुन्हा ओढ. सकाळी गालावर वळ आणि कानशिलावर ठणका. पट्टा बसवायचा तर आडवं होऊन, मशीन चालू ठेवून बसवावा, कारण झोपल्यावर चेहऱ्याचा आकार बदलतो. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत. तरी हवा सुटत असेल तर मास्कची उशी धुवा, तिचं माप तपासा. पट्ट्याचं लवचीक कापड सैल पडलं असेल तर पट्टा बदला. डोक्यामागे बांधलेला बुचडासुद्धा पट्ट्याला वर ढकलून मास्क तिरका करतो. त्यापेक्षा सैल वेणी, पट्ट्याच्या खालून, एका खांद्यावर. नळीचं ओझंही पट्ट्यावरच येतं. ती मच्छरदाणीच्या दांडीला सैल अडकवली की कूस बदलताना मास्क ओढला जात नाही.

एकेक केस साधारण 50 ते 100 ग्रॅम वजन पेलतो, त्यामुळे ताणानं तो पटकन तुटत नाही. झीज होते ती मुळाची. रोज त्याच जागी ओढ बसत राहिली की मूळ सुजतं, पुळ्या येतात, केस बारीक होत जातात. ग्रीनलंडमधल्या घट्ट केस बांधणाऱ्या स्त्रियांमध्ये अशा केसगळतीची नोंद 1907 मध्ये झाली होती. वेळीच ओढ थांबली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिली तर मुळाच्या जागी व्रण होतो आणि मग केस येत नाहीत. कपाळाच्या कडेला किंवा कानशिलावर आखूड, तुटके केस आणि सोबत दुखरेपणा दिसला, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यात दिरंगाई नको.

पट्ट्याला अडकलेला केस फेकण्याआधी उजेडात धरून बघा. एका टोकाला पांढरी गाठ असेल तर तो मुळासकट, आपलं आयुष्य संपवून गळलेला आहे. असे 50 ते 100 केस रोज कोणाचेही जातात. गाठ नसेल तर तो मधूनच तुटलाय, आणि संशय घर्षणावर घ्यायचा. गाठीचे केस झुबक्यानं जाऊ लागले, तर दोन-तीन महिन्यांपूर्वी टायफॉइड, डेंगी किंवा मोठं आजारपण झालं होतं का, ते आठवा. केसगळती आजारानंतर उशिरा येते आणि तोवर मशीन घरात आलेलं असेल, तर आळ मशीनवर जातो.

तेलाचा प्रश्न हमखास येतो. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाशी त्याची तुलना करणाऱ्या, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दिसलं. पण तेच तेल कपाळावरून मास्कच्या उशीवर उतरलं की उशी घसरते, हवा सुटते आणि हात परत पट्ट्याकडे जातो. तेल लावायचं तर सकाळी, नाहीतर डोकं धुण्याच्या तासभर आधी. धुण्याचं पाणी बोअरचं असेल तर त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात, केस राठ होतात आणि पट्ट्याखाली जास्त घासले जातात. शेवटचा तांब्या जारच्या किंवा आरओ फिल्टरच्या पाण्याचा घेतला तरी फरक पडतो.

मूळ सीपॅप सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांचं. त्यांचा शोधनिबंध 1981 मध्ये आला. सुरुवातीच्या रुग्णांना मास्क रोज रात्री सिलिकॉननं चेहऱ्याला चिकटवावा लागे. पट्टे नंतर आले, आणि त्या मानानं चैनीचेच म्हणायचे.

पट्टा सैल केला म्हणून आठवड्यात कानशील भरून येणार नाही. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. त्याच जागेचा, त्याच उजेडात, दर महिन्याला मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा आणि चौथ्या महिन्यात चारही शेजारी ठेवून बघा.