स्वसंरक्षणाचा अधिकार

स्वसंरक्षणाचा अधिकार : स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीरावर अथवा मालमत्तेवर होणारा गुन्हेगारी हल्ला परतवण्यासाठी, शासनाची मदत घेण्यास अवधी नसताना, गरजेपुरते बळ वापरण्याची कायद्याने दिलेली मुभा. भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ या अधिकाराला लागू आहेत. त्यापूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. चोऱ्या-दरोडे माजले की या अधिकाराची चर्चा जोर धरते. त्याची आजची व्याप्तीही अशाच एका काळात ठरली.

धर्मशास्त्रात हा विषय आततायीच्या, म्हणजे घोर अपराध करायला निघालेल्याच्या, प्रकरणात येतो. वसिष्ठ धर्मसूत्राने (३.१६) सहा आततायी सांगितले आहेत : आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून आलेला, धन लुबाडणारा, शेत बळकावणारा आणि स्त्री पळवणारा. विष्णुस्मृतीची यादी सातांची आहे. तीत शाप देण्यासाठी हात उचलणारा, अथर्वमंत्रांनी मारू पाहणारा आणि राजाकडे चहाडी करणारा हेही येतात. या तिघांना तलवारीने कसे थोपवायचे हा प्रश्न उरतोच. वसिष्ठ धर्मसूत्राचा काळ धर्मशास्त्राचे इतिहासकार म. म. पां. वा. काणे इ. स. पू. ३०० ते १०० असा धरतात. अलीकडचे काही अभ्यासक तो आणखी पुढे आणतात. मनुस्मृती साधारणपणे इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक या दरम्यानची मानली जाते.

खरा वाद मनुस्मृतीच्या ८.३५० या श्लोकाचा आहे. गुरू, बालक, वृद्ध किंवा बहुश्रुत ब्राह्मण असला तरी चालून येणाऱ्या आततायीला विचार न करता मारावे, असे तो सांगतो. पुढचा श्लोक अशा वधात दोष नाही म्हणतो. स्मृतिकार सुमंतूचे वचन मात्र गाय आणि ब्राह्मण यांना यातून वगळते, आणि मनुस्मृतीच्याच अकराव्या अध्यायात ब्रह्महत्येची कडक प्रायश्चित्ते आहेत. ही वचने जुळवायची कशी? काहींनी आठव्या अध्यायातील वचन अर्थशास्त्राचे (म्हणजे राजनीतीचे) आणि अकराव्यातील धर्मशास्त्राचे ठरवून दुसऱ्याला वरचढ मानले. चालुक्यांच्या कल्याणी येथे इ. स. ११०० च्या सुमारास मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील (२.२१) टीकेत ही वाटणी नाकारली. दोन्ही वचने धर्मशास्त्राचीच, पण ‘गुरू असला तरी’ हा भाग अर्थवाद, म्हणजे आत्मरक्षणाच्या मूळ विधीची महती वाढवणारा आहे, असे तो म्हणतो. हल्लेखोर ब्राह्मणाला फक्त थोपवायचे होते आणि त्यात तो दगावला, तर हलके प्रायश्चित्त पुरे, राजदंड नाही. मारण्याचा हेतू आणि थोपवण्याचा हेतू यांत भेद करणारे हे मत अधिक सुसंगत वाटते.

याहून आजच्या कायद्याला जवळचे मुद्दे दोन. मनूचा टीकाकार कुल्लूक (काणे यांच्या मते इ. स. ११५० ते १३००) अशी अट घालतो, की पळून जाऊनही जीव वाचणे शक्य नसेल तरच मारावे. मूळ श्लोकात ही अट नाही. स्मृतिकार कात्यायनाच्या नावावरील एक वचन सांगते, की हल्ल्याला प्रवृत्त झालेल्याला मारण्यात दोष नाही. तो मागे फिरला तर मात्र पकडावे, वध करू नये.

मराठेशाहीत भर होता तो गावाच्या सामुदायिक जबाबदारीवर. रामोशी, महार, जागले यांच्याकडे राखण असे. चोराचा माग ज्या गावच्या शिवेपर्यंत पोचे, त्या गावाने तो पुढे काढून द्यावा, नाहीतर भरपाई करावी, असा रिवाज होता. ब्रिटिश आयुक्त एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात त्याचे वर्णन आहे.

आजच्या तरतुदींचा पाया १८३७ च्या दंडसंहितेच्या मसुद्यात आहे. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने त्यासोबतच्या टिपांत हा अधिकार मुद्दाम सैल ठेवल्याचे कबूल केले आहे. लोक धीट असते तर अधिक बंधने घातली असती. पण या देशात लोक दरोडेखोरांचा जुलूम मुकाट सोसतात, तेव्हा धोका उलट बाजूचा आहे, असे आयोगाचे म्हणणे. दरोडेखोरांच्या टोळीला प्रतिकार करताना थोडी मर्यादा ओलांडली म्हणून एकाला फाशी होणे, हे त्याला अधिकाराच्या गैरवापराहून वाईट वाटले. ‘भित्र्या प्रजे’च्या या चित्रात सत्ताधाऱ्याची नजर उघड आहे. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने त्याच प्रजेवर शस्त्रपरवान्याची सक्ती झाली, हेही लक्षात ठेवावे लागते. १९५९ च्या कायद्यातही परवाना कायम आहे; मात्र लाठी आणि साधी काठी ‘शस्त्रा’च्या व्याख्येबाहेर आहेत.

मसुद्यातून १८६० साली झालेली दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या कलम १००नुसार (आता ३८) मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण अशा ठरावीक भीतीच्या प्रसंगी हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत बळ वापरता येते. २०१३ च्या दुरुस्तीने त्यांत ॲसिडहल्ला आला. मालमत्तेसाठी हीच मुभा जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे इत्यादींपुरती आहे. नव्या संहितेने (कलम ४१) ‘रात्री’ऐवजी सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी असे म्हटले आहे. हल्लेखोर वेडा असला तरी अधिकार कमी होत नाही. सद्भावनेने मर्यादा ओलांडून मृत्यू घडवला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो.

अधिकार धोक्याच्या वाजवी भीतीपासून सुरू होतो. प्रत्यक्ष वार होण्याची वाट पाहावी लागत नाही. तो कुठे संपतो, याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या जय देव खटल्यात झाला. न्या. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या त्या निकालानुसार धोका टळला किंवा हल्लेखोर पळत सुटले, की अधिकारही संपतो. कात्यायनाचे वचन येथे आठवावे. दर्शन सिंग खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने दहा सूत्रे मांडली; हल्ला झालेल्याने पळून जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. तो कुल्लूकाच्या अटीपेक्षा मनूच्या मूळ श्लोकाला जवळचा आहे. स्वसंरक्षण सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, पण तेवढी शक्यता अधिक असल्याचे दिसले तरी पुरते. आरोपीने हा बचाव घेतला नसेल आणि तो पुराव्यातून निघत असेल, तर न्यायालय विचारात घेऊ शकते (मुन्शी राम, १९६८).

सामुदायिक संरक्षणाची संघटित रूपे म्हणजे दंगलींच्या काळात डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात उभे राहिलेले होमगार्ड आणि गावोगावची ग्रामसुरक्षा दले. रात्रीची गस्त घालणाऱ्यांनाही कायद्याचा अधिकार एकट्या माणसाइतकाच आहे. संशय म्हणजे वाजवी भीती नव्हे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. त्यांच्याकडून कोणताही हल्ला झालेला नव्हता. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून केलेल्या खुनासाठी नव्या संहितेच्या कलम १०३(२) मध्ये मृत्युदंड किंवा जन्मठेप आणि दंड अशी शिक्षा आहे.