सीझियम: वर्णपटात आधी, कुपीत बावीस वर्षांनी

सीझियमचा द्रवणांक अवघा २८.५ अंश सेल्सिअस. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद कुपीतला हा फिकट सोनेरी धातू खोलीच्या तापमानालाच वितळतो. घनता सुमारे १.९, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ दुप्पट. सोडियमसारखा तो तरंगत नाही.

शोधाआधीच तो एकाला चकवून गेला होता. १८४६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गचे रसायनज्ञ प्लाटनर यांनी एल्बा बेटावरच्या ‘पोलक्स’ खनिजाचं पृथक्करण केलं. घटकांची बेरीज जेमतेम ९३ टक्के भरली. काम चोख होतं, पण सीझियमला त्यांनी पोटॅशियम धरलं. पोटॅशियमचं अणुवस्तुमान ३९, सीझियमचं १३३. त्यामुळे अवक्षेपाच्या (द्रावणातून तळाशी बसणाऱ्या साक्याच्या) वजनावरून हिशेब कमीच येणार. १८६४ मध्ये रसायनज्ञ पिसानी यांनी तो दुरुस्त केला.

दरम्यान १८६० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ बुन्सेन आणि किर्खहॉफ यांना जर्मनीतल्या ड्युर्कहाइमच्या खनिजजलाच्या क्षारात, ज्वालेच्या वर्णपटात (प्रकाशाचे रंग वेगळे केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात), दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या: ४५५ आणि ४५९ नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे हे नवं मूलद्रव्य, सीझियम. मग सुमारे ४४ टन पाणी आटवलं गेलं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लिथियम वगैरे काढून टाकल्यावर उरलेल्या द्रावणात प्लॅटिनम क्लोराइड घातलं. सीझियम आणि त्याच्याच गटातल्या रुबिडियमचे अवक्षेप पोटॅशियमच्या अवक्षेपापेक्षा कमी विरघळतात, म्हणून उकळत्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन पोटॅशियम घालवता आलं. एवढ्या खटाटोपातून सीझियम क्लोराइड मिळालं सात ग्रॅमच्या आसपास!

धातू मात्र हाती लागेना. क्लोराइड वितळायला सुमारे ६४५ अंश लागतात आणि सीझियम ६७० अंशांच्या आसपास उकळतं. विद्युत अपघटनात, म्हणजे वितळलेल्या क्षारातून वीज सोडून तो फोडताना, सुटलेला धातू तिथल्या तिथे वाफ होतो किंवा वितळलेल्या क्षारातच विरघळतो. बुन्सेन यांना मिळाला तो निळसर गोळा. १८८२ मध्ये रसायनज्ञ सेटरबर्ग यांनी क्लोराइडऐवजी बरंच कमी तापमानाला वितळणारं सीझियमचं सायनाइड वापरलं आणि शुद्ध धातू मिळवला. उत्कलनांक कमी असण्याचा आज उलट फायदा होतो: क्लोराइड कॅल्शियमबरोबर निर्वातात तापवलं की सीझियमची वाफ आपोआप वेगळी निघते.

साठवणीत सोडियमचे, म्हणजे रॉकेलखाली ठेवण्याचे, नियम इथे पुरत नाहीत. हवेत तो स्वतःहून पेट घेतो, उणे ११६ अंशांच्या बर्फाशीसुद्धा अभिक्रिया करतो. म्हणून तो निर्वातात किंवा आर्गॉनमध्ये बोरोसिलिकेट काचेच्या कुपीत सीलबंद ठेवतात.

निसर्गात त्याचं एकच समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचा वेगळ्या वस्तुमानाचा प्रकार) आढळतं, सीझियम-१३३. सगळे अणू एकसारखे, आणि थोड्याशा उष्णतेने त्यांचा झोत मिळतो. आण्विक घड्याळाला हेच हवं होतं. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या या अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर बांधलेली आहे.